शब्दहरण आणि ग्रंथदहन

भविष्यकाळाचे भयावह चित्र रेखाटणाऱ्या चित्रपटांत खरे भय यंत्रांचे असते, असा एक समज आहे. फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ने (१९२७) तो दृढ केला. परंतु झाँ-लूक गोदार यांनी ‘आल्फाव्हिल’मध्ये (१९६५) आणि फ्रान्स्वा त्रुफो यांनी ‘फॅरनहाइट ४५१’मध्ये (१९६६) हे भय भाषेत आणून ठेवले. भाषेच्या अध्यापकाने हे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत, ते याच कारणाने.

दोहोंतील साम्य उघड आहे. भावी नगर उभारण्यासाठी गोदार यांनी देखावे बांधले नाहीत. त्या काळचे रात्रीचे पॅरिसच त्यांनी ‘आल्फाव्हिल’ म्हणून दाखविले. त्रुफो यांच्या चित्रपटातील घरेही आपल्या ओळखीचीच वाटतात. उद्याचे संकट आजच्याच रस्त्यावर उभे आहे, हे दोघांनाही सुचवावयाचे आहे. दोन्हीकडे सत्तेला भीती वाटते ती शस्त्राची नव्हे, शब्दाची.

भेद आहे तो शब्दावर घाला घालण्याच्या रीतीत. आल्फाव्हिलमध्ये आल्फा-६० हा गणकयंत्र राज्य करतो. तेथे खोलीखोलीत धर्मग्रंथाच्या जागी शब्दकोश ठेवलेला असतो आणि त्यातून एकेक शब्द नाहीसा होत जातो. ‘का’ असे कोणी विचारावयाचे नाही. पत्नीच्या मृत्यूने रडलेल्या पुरुषास तेथे देहदंड होतो. रे ब्रॅडबरी यांच्या १९५३ च्या कादंबरीवर आधारलेल्या त्रुफो यांच्या चित्रपटात शब्द बोलता येतात. लिहिता-वाचता मात्र येत नाहीत. म्हणून आरंभीची श्रेयनामावलीही पडद्यावर उमटत नाही, ती ऐकू येते. वर्तमानपत्रात केवळ चित्रे असतात. पुस्तके जाळणे हेच अग्निशामकांचे काम होऊन बसते.

त्यांतील माँटाग हा अग्निशामक प्रथमच ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ उघडतो, तेव्हा मुखपृष्ठामागील प्रकाशकाच्या तपशिलासह प्रत्येक अक्षराखाली बोट फिरवीत वाचतो. काय वगळावे हेही त्यास ठाऊक नसते. वाचन ही शिकावी लागणारी गोष्ट आहे, हे इतक्या साधेपणाने क्वचितच दाखविले गेले असेल.

मुक्तीचे मार्गही भिन्न आहेत. गोदार यांची नताशा प्रेमाचा हरवलेला शब्द अडखळत उच्चारते आणि मुक्त होते. हा शेवट हृद्य असला तरी काहीसा सोपा आहे. एका शब्दाने कोश भरून निघत नाही. त्रुफो यांच्या शेवटी अरण्यातील माणसे एकेक ग्रंथ मुखोद्गत करून स्वतःच ग्रंथ झालेली दिसतात. एक मरणोन्मुख वृद्ध आपला ग्रंथ एका मुलाच्या स्वाधीन करतो. परंतु पडणाऱ्या बर्फातून ती माणसे आपापला पाठ पुटपुटत एकमेकांजवळून निघून जातात. परस्परांशी बोलत नाहीत. तेथे ग्रंथ टिकला, पण नवा ग्रंथ कोण लिहिणार, हा प्रश्न उरतोच.

मला या दोहोंत आल्फाव्हिलचे संकट अधिक दारुण वाटते. ग्रंथदहनाचा धूर दिसतो, म्हणून त्याविरुद्ध कोणीतरी उभा राहतो. ग्रंथांबरोबर जळून जाणे पसंत करणारी त्रुफो यांची वृद्धा तशीच उभी राहिली. कोशातून गळालेल्या शब्दाची मात्र राखही मागे राहत नाही. तो शब्द होता, याची आठवण ठेवणारा कोणी वर्गात उभा असेल, तरच तो परत येतो.