दोन सॅक्सोफोन, एक सोयरीक

सॅक्सोफोन म्हटले की आपल्याकडे लग्नाच्या वरातीतला बँड आठवतो, नाहीतर हिंदी चित्रपटातले एखादे रात्रीचे गाणे. वाद्य बेल्जियमच्या अडॉल्फ साक्सने घडवले आणि १८४६ मध्ये त्याचे पेटंट घेतले. ते लष्करी बँडमध्ये शिरले, अमेरिकेत जॅझवाल्यांनी आपलेसे केले आणि संस्थानी बँडांतून आपल्याकडेही आले. अशा या फिरस्त्या वाद्यावरची 'किन्समेन' ही ध्वनिमुद्रिका २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. रुद्रेश महंतप्पा हा तिचा कर्ता. 'किन्समेन' म्हणजे आप्त, सोयरे. नाव वाचताच सीमाभागातल्या माणसाचे कान टवकारावेत, कारण आप्त कोण हा प्रश्न आपण रोजच्या व्यवहारात सोडवत असतो.

महंतप्पाचा जन्म १९७१ मध्ये इटलीतल्या त्रिएस्त गावी झाला. वडील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, बालपण अमेरिकेतल्या कोलोरॅडोत. आडनाव अस्सल कन्नड, शिक्षण मात्र जॅझचे. चेहरा पाहून लोक गृहीत धरत की याला भारतीय संगीत येतच असणार, आणि ते तर त्याला कोणी शिकवलेले नव्हते! विद्यार्थिदशेत भावाने थट्टेने त्याला एक ध्वनिमुद्रिका भेट दिली. तिच्यावर कद्री गोपालनाथ सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवत होते. थट्टा बाजूला राहिली आणि पोराला वाट सापडली.

गोपालनाथांची कथा उलट्या दिशेची आहे. १९४९ मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यात जन्म, वडील नागस्वरवादक. म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन ऐकला आणि तेच वाद्य धरले. कर्नाटक संगीताच्या सनातनी रसिकांना हे सहजी पचणारे नव्हते. चाव्यांच्या वाद्यावर गमक कसे निघणार, हा आक्षेप आपल्याला परिचित आहे. पेटीवरही हाच आक्षेप होता आणि १९४० मध्ये रेडिओने तिला हद्दपार केले होते. गोपालनाथांनी वाद्यात काही फेरफार केले आणि उरलेले काम ओठांवर व श्वासावर सोपवले. १९९४ मध्ये ते लंडनच्या बीबीसी प्रॉम्समध्ये वाजवून आले. आज तुळुनाडूत देवळात आणि मंगलकार्यात सॅक्सोफोन वाजतो, त्याला मोठे कारण तेच.

म्हणजे एकाला चेहऱ्यापायी संगीत चिकटवले गेले, दुसऱ्याकडे वाद्यापायी संशयाने पाहिले गेले. ही दोन माणसे समोरासमोर बसतात तेव्हा काय होते, एवढेच ही ध्वनिमुद्रिका सांगते. जॅझ आणि भारतीय संगीत यांचे मीलन नवे नव्हते. जो हॅरियट आणि जॉन मेयर यांनी ते १९६६ मध्ये इंग्लंडात केले, आणि आपल्या गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस यांनीही १९७० मध्ये 'रागा रॉक' काढली. पण अशा प्रयोगांत बहुतेकदा सतार-तबला एकीकडे आणि जॅझचा ताफा दुसरीकडे असतो. श्रोत्याला डोळे मिटूनही कोण कुठला ते कळते. इथे दोन्ही प्रमुख वाद्ये एकच, आल्टो सॅक्सोफोन. वेश काढून घेतला की उरते ती बोली.

ती बोली ऐकण्यासारखी आहे. गोपालनाथांचा स्वर स्थिर उभा राहत नाही; शेजारच्या स्वराला शिवून, हेलकावत येतो आणि नागस्वराची आठवण देतो. महंतप्पाचा स्वर धारदार, कडांना खरखरीत. दोघे एकच रचलेली ओळ जोडीने वाजवतात तेव्हा ती अक्षरशः एकजीव होत नाही, आणि तेच बरे. ए. कन्याकुमारी यांचे व्हायोलिन या दोघांमधल्या ओसरीसारखे आहे. मृदंगावर पूवलूर श्रीजी. कराचीत जन्मलेला व लॉस एंजेलिसमध्ये वाढलेला रेझ अब्बासी गिटारवर.

माझी तक्रार गिटारपाशीच सुरू होते. रागाला खाली एक स्थिर षड्ज पुरतो. त्याखाली कॉर्ड बदलत राहिले की जमीनच सरकते, आणि मग वरचा गमक कुणाच्या आधाराने झुलावा? वेगाच्या रचनांत हे खपते, संथ जागी खटकते. पाश्चात्य ड्रमही अधूनमधून मृदंगाचे नाजूक बोल झाकतो. 'रेझ-आलाप', 'कार्लो-आलाप' अशी शीर्षके वाचून तर हसू आले. कर्नाटक पद्धतीत म्हणतात आलापना. हा उत्तरेचा शब्द तिथे कसा पोहोचला? पण या भेसळीला आपण कोणत्या तोंडाने नावे ठेवायची? आपल्याच मुलुखात कानडी मायबोलीचे मल्लिकार्जुन मन्सूर आणि भीमसेन जोशी वाढले, आणि भीमसेनांच्या तोंडून अभंग ऐकताना त्यांची मातृभाषा कोणी विचारली नाही.

गोपालनाथ ११ ऑक्टोबर २०१९ रोजी मंगळूर येथे निवर्तले. जॅझची सवय नसलेल्या वाचकाने सुरुवात 'कल्याणी'पासून करावी. कल्याणी म्हणजे आपला यमन. कान घरी असला की परकी माणसे ओळखायला सोपी जातात. 'स्नेक' त्यानंतर, आणि शक्यतो घरातली मंडळी झोपल्यावर नको.