साथीला कोण होतं?

घरी बसून शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला आवाजापुरते आजच्याइतके बरे दिवस कधीच नव्हते. महिन्याला सिनेमाच्या एका तिकिटाहून कमी पैसे मोजले की अब्दुल करीम खाँसाहेबांपासून आजच्या तरुण गायकांपर्यंत सगळे खिशात येतात. बिघडलंय ते दुसरीकडे. जे वाजतंय ते नेमकं काय आहे, हे सांगण्याची जबाबदारी या धंद्यात आता कुणाचीच उरलेली नाही.

सुरुवात अशी नव्हती. नोव्हेंबर 1902 मध्ये फ्रेड गाइसबर्गनं कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. त्या तबकड्यांच्या शेवटी ती इंग्रजीत आपलं नाव सांगते. आज ऐकताना तो तोरा वाटतो, पण त्यामागचं कारण व्यवहाराचं होतं. मेणावरचं मुद्रण छपाईसाठी जर्मनीत हॅनोवरला जायचं, आणि तिथल्या कामगारांना गाणारी कोण हे कळायला हवं होतं. म्हणजे नोंद आवाजातच कोरलेली होती, ती कुणाला पुसता येणार नव्हती. तीन-साडेतीन मिनिटांत राग बसवायचा ही सक्ती जाचक खरी, तरी त्या सक्तीतूनही अस्सल ऐवज निघाला. केसरबाई केरकरांची एवढ्याच वेळाची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली. ती तबकडी कशी वाजवायची याच्या खुणाही वेष्टनावर कोरून पाठवल्या. परग्रहवासीयांची एवढी काळजी!

लाँग प्ले तबकडी आली तेव्हा गायकाला एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली. अमीर खाँसाहेबांची 1960 च्या सुमाराची, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली तबकडी आठवा. झुमरा तालातला तो विलंबित ख्याल जुन्या तबकडीत मावलाच नसता. शिवाय वेष्टनाच्या पाठीवर मजकूर असायचा. इंग्रजी कधी बोजड, कधी उगाच अलंकारिक, पण राग, ताल आणि बहुतेकदा साथीदारांची नावं त्यात सापडत. अनेकांचं रागज्ञान त्या पाठीवरच वाढलं.

मग कॅसेट. फिलिप्सनं ती 1963 मध्ये आणली, आपल्याकडे ती घरोघरी पोचली ऐंशीच्या दशकात. तिचा आवाज सुमार होता, टेप गुंतायची, पेन्सिल घालून गुंडाळावी लागायची. तरी ऐकणाऱ्याच्या हाती सूत्रं आली ती तिच्यामुळेच. दुकानातून आवडीची गाणी ‘भरून घेणं’ हा तेव्हाचा रिवाज, आणि गाण्याचे दर्दी त्याही पुढे जाऊन मैफलीच भरून घेत. सी-90 च्या डबीतल्या कार्डावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असे: पूरिया, विलंबित एकताल, द्रुत तीनताल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, गाणं कुणाच्या घरी, तारीख काय. द्रुत ऐन रंगात असताना एका बाजूची पंचेचाळीस मिनिटं संपून टेप खटकन थांबायची. त्या तुटलेल्या द्रुतासकट ही कार्डं म्हणजे आपल्याकडचं सगळ्यात प्रामाणिक संगीत-दप्तर, असं माझं मत आहे.

एमपीथ्रीनं घात केला तो दोन बाजूंनी. एक बाजू सगळे सांगतात: सीडीवर सेकंदाला 1,411 किलोबिट माहिती असते, 128 च्या एमपीथ्रीत तिचा अकरावा हिस्सा उरतो. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज कानाला तसाही कळत नाही, म्हणून तो गाळायचा, हे त्यातलं गणित. एरवी ते बरंचसं चालून जातं. तंबोऱ्याची जवारी मात्र अशा बारीक स्वरांशांवरच उभी असते. फाइल फार दाबली की तंबोरा पाण्याखालून वाजल्यासारखा येतो.

दुसरी बाजू कमी सांगितली जाते. या फाइलच्या शेपटीला माहितीची पट्टी जोडायची पद्धत 1996 मध्ये निघाली. पट्टी 128 बाइटांची. त्यात गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम, प्रत्येकी 30 रोमन अक्षरं. देवनागरीला जागा नव्हतीच. पट्टी आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पाश्चात्त्य पॉप गाणं होतं, त्यांना दोष कशाला द्यायचा? पुढे पट्टी मोठी झाली, कुठलीही लिपी लिहायची सोय झाली, पण आमच्या नोंदी भरणाऱ्यांची सवय त्या 30 अक्षरांतच अडकून राहिली.

आजची ॲप त्याच सवयीवर चालतात. एकाच गायकाची ‘पंडित’सह, ‘पं.’सह आणि नुसत्या नावानं अशी निरनिराळी पानं. मुद्रणाचं वर्ष म्हणून अल्बम ॲपवर चढवल्याचं वर्ष. संगीतकाराच्या रकान्यात खुशाल ‘पारंपरिक’, मग बंदिश सदारंगांची असो की कुमार गंधर्वांची. तबलजी गायबच. यादी उलटसुलट वाजवायचं बटण चालू राहिलं तर विलंबिताआधी द्रुत ऐकायचं. मोजणीही वेगळीच आहे. बऱ्याच सेवांत गाणं 30 सेकंद वाजलं की ते ‘ऐकलं’ असं धरतात, आणि वीस मिनिटांचा राग व दोन मिनिटांचं गाणं हिशेबात सारखंच. अमीर खाँसाहेबांच्या झुमऱ्यात अर्ध्या मिनिटात सम तरी येते का? या हिशेबात आलापाचे तुकडे पाडून विकणाऱ्याचाच फायदा.

दर्दी लोक मात्र वाद घालतात तो ‘लॉसलेस’वर, म्हणजे काहीच न गाळलेल्या आवाजावर. जास्तीचे पैसे भरून अस्सल फाइल घ्यायची आणि ब्लूटूथच्या बोंडांत ती पुन्हा दाबून ऐकायची, हा प्रकार मला गमतीचा वाटतो.

नोंदींचं चांगलं काम बहुतांशी फुकट चाललंय. यूट्यूबवर जुन्या टेपा चढवणारे संग्राहक खालच्या मजकुरात साथीदार लिहितात, चुकलं तर ऐकणारेच दुरुस्त करतात. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर मराठी गाण्यापुढे कवी, संगीतकार, गायक, राग असं सगळं रीतसर मिळतं. मुंबईत 1990 मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सनं तबकड्यांच्या इतिहासाची नोंद ठेवली ती पदरमोड करून. हे हौशी लोक. ज्यांच्याकडे मूळ तबकड्या, वेष्टनं आणि हक्क आहेत त्या कंपन्यांना हे करायला संशोधक नकोत, वेष्टनामागचा मजकूर टाइप करणारी चार माणसं पुरतील. ते होत नाही तोवर ॲप मारव्यानंतर ‘शांत झोपेसाठी’ची यादी सुचवणार आणि रात्री अकराला भैरव लावणार. वेळ काय झाली हे फोनला ठाऊक असतं. राग कोणता, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.