कळूनही केलेलं: लंका समसमाज पक्षाबद्दल

आज आपल्याला श्रीलंकेतल्या जुन्या डाव्यांबद्दल बोलायचं आहे, मुख्यतः लंका समसमाज पक्षाबद्दल. स्थापना १९३५ ची. या मंडळींचं मुंबईशी नातं आहे, आणि ते आपण विसरून गेलो आहोत. १९४२ मध्ये कँडीच्या तुरुंगातून निसटून त्यांचे पुढारी भारतात आले, ‘चले जाव’च्या काळात भूमिगत राहिले. एन. एम. परेरा आणि फिलिप गुणवर्धन १९४३ मध्ये मुंबईतच पकडले गेले.

या पक्षावर नेहमी एक टीका होते. म्हणे, हे सगळं वर्गाच्या चष्म्यातून बघत राहिले, त्यांना सिंहली-तमिळ प्रश्न कळलाच नाही. आम्हांला ही टीका फारच सौम्य वाटते. त्यांना प्रश्न कळला होता, इतरांच्या आधी कळला होता. १९५६ मध्ये ‘फक्त सिंहली’ कायदा आला तेव्हा कॉल्विन आर. डी सिल्व्हांनी संसदेत बजावलं होतं की, दोन भाषा मानल्या तर देश एक राहील, एकच लादली तर देश दोन होतील. पक्षानं विरोधात मतं दिली. त्याच्या सभा उधळल्या गेल्या, तरी तो हटला नाही.

आणि मग १९७२ ची राज्यघटना बघा. सिंहली ही राजभाषा, बौद्ध धर्माला अग्रस्थान, अल्पसंख्याकांना संरक्षण देणारं जुन्या घटनेतलं २९ वं कलम गायब. ही घटना तयार करून घेणारे मंत्री कोण? तेच डी सिल्व्हा! तमिळांचा फेडरल पक्ष घटना समितीतून आधीच बाहेर पडला होता. चार वर्षांनी तमिळ पुढाऱ्यांनी वेगळ्या राज्याचा ठराव केला.

मधल्या सोळा वर्षांत काय झालं? सत्तेचा मोह, असं म्हणून मोकळं होता येतं. पण मोह तर सगळ्यांनाच असतो. आमच्या मते मूळ १९४८-४९ मध्ये आहे. तेव्हाच्या कायद्यांनी चहामळ्यातल्या, भारतातून आणलेल्या लाखो तमिळ मजुरांचं नागरिकत्व आणि मतदान काढून घेतलं. समसमाजवाद्यांनी त्यालाही विरोध केला होता, हे खरंच. पण कायदा राहिला, आणि त्याचा परिणाम हळूहळू त्यांच्यावरच झाला. डोंगरातला सगळ्यात मोठा कामगारवर्ग मतदार यादीतच नाही म्हटल्यावर जागांचा हिशोब सिंहली मतांवरच होऊ लागला. जो मजूर मत देऊन तुम्हाला शिक्षा करू शकत नाही, त्याच्याशी केलेली बेइमानी स्वस्त पडते.

१९६४ मध्ये पक्ष सिरिमावो बंदरनायकेंच्या सरकारात गेला, परेरा अर्थमंत्री झाले. त्याच वर्षी सिरिमावो-शास्त्री करार झाला: ५,२५,००० माणसं भारतात धाडायची, ३,००,००० ठेवून घ्यायची. गोण्या मोजाव्यात तशी ही वाटणी, आणि मंत्रिमंडळात कामगारांचा पक्ष बसलेला. (यात आपलं दिल्लीचं सरकारही बरोबरीनं सामील होतं, हेही बोलून टाकू.) जानेवारी १९६६ मध्ये तमिळ भाषेला थोडी जागा देणारे नियम आले, तर हेच डावे विरोधी मोर्चात. घोषणा काय, तर पंतप्रधान डडली सेनानायकेंच्या पोटात मसालवडा! वडा म्हणजे तमिळ. विनोद म्हणून सोडून देता आला असता, पण त्या मोर्चावर गोळीबार होऊन एक भिक्खू मेला.

१९७० च्या सरकारात डी सिल्व्हांकडे घटनेबरोबर मळ्यांचं खातंही होतं. म्हणजे मजूर आणि राज्यघटना, दोन्ही एकाच टेबलावर. यापेक्षा चांगली संधी कुठल्या डाव्याला मिळते?

इतकं करूनही सिंहली मतं टिकली नाहीतच. १९७० मध्ये १९ जागा, १९७७ मध्ये शून्य. राष्ट्रवादच हवा असेल तर लोक अस्सल दुकानातून घेतात.

पुढची डावी पिढी जनता विमुक्ती पेरमुनाची. तिनं तर सुरुवातीच्या आपल्या पाच वर्गांत भारतीय विस्तारवादाचा एक धडाच ठेवला होता आणि मळ्यातला मजूर त्यात संशयित ठरला. २००६ मध्ये याच पक्षानं न्यायालयात जाऊन उत्तर आणि पूर्व प्रांतांचं एकत्रीकरण रद्द करून घेतलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या आघाडीला जाफना जिल्ह्यात सहापैकी तीन जागा मिळाल्या. ती मतं कशाची होती, हा वेगळा विषय आहे, तो पुढच्या व्याख्यानात घेऊ.