शर्करेचे सांधे आणि प्रतिजैविकांचे संश्लेषण

भंडारा जिल्ह्यातील सिहोरा आणि एकूणच तुमसर तालुका हा धानाचा मुलूख असून, धानाच्या पानांच्या कडा वाळवत नेणाऱ्या कडाकरपा या जिवाणूजन्य रोगावर फवारले जाणारे ‘स्ट्रेप्टोसायक्लिन’ हे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या १९५४ साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीचे उत्पादन आहे. त्यातील मुख्य घटक स्ट्रेप्टोमायसीन. त्याच्या रेणूतील तीन तुकड्यांपैकी दोन शर्करा आहेत आणि तिसराही मातीतील जिवाणू ग्लुकोजपासूनच घडवतो.

जिवाणूला जे सहज साधते ते रसायनज्ञाला महागात पडते. ग्लुकोजच्या कड्यावर पाच हायड्रॉक्सिल गट असतात आणि त्यांतील बहुतेक जवळजवळ सारख्याच तत्परतेने अभिक्रिया करतात, त्यामुळे एकाला हात लावायचा तर उरलेले ‘संरक्षक गटां’नी झाकावे लागतात व शेवटी उघडावे लागतात. दोन शर्करांचा सांधाही अल्फा किंवा बीटा अशा दोन दिशांनी जुळू शकतो, आणि ही दिशा किती निर्णायक असते हे धानातच दिसते: दाण्यातील स्टार्च आणि तणसातील सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच, फरक या सांध्याचा.

१९७४ मध्ये रसायनज्ञ सुमिओ उमेझावा यांनी स्ट्रेप्टोमायसीनचे संपूर्ण संश्लेषण केले, तर रसायनज्ञ रॉबर्ट वुडवर्ड यांचे एरिथ्रोमायसीन या दुसऱ्या प्रतिजैविकाचे संश्लेषण त्यांच्या निधनानंतर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही कामे थोर, पण कारखान्यात किण्वनच स्वस्त ठरले. संश्लेषणाची खरी सरशी झाली ती प्रतिरोधाच्या आघाडीवर. प्रतिरोधी जिवाणू कानामायसीन या प्रतिजैविकाच्या एका ठराविक हायड्रॉक्सिलवर फॉस्फेट चढवून औषध निकामी करतात, हे कळल्यावर तो गटच काढून डिबेकासीन घडवले गेले; १९७२ च्या अमिकासीनमध्ये कानामायसीनला एक बाजूसाखळी जोडून जिवाणूंच्या विकरांची (एन्झाइमांची) वाट अडवली गेली. किण्वनातून मिळालेल्या रेणूवर नेमका एक बदल करणारी ही अर्धसंश्लेषणे वुडवर्डपंथी दिग्विजयापेक्षा रुग्णाच्या अधिक कामी आली.

महाराष्ट्रात शर्करा जोडण्याच्या या शास्त्राची कारागिरी आज जागतिक दर्जाची आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत असताना श्रीनिवास होता व सुधीर कश्यप यांनी २००६ मध्ये, एरवी स्थिर राहणारा प्रोपार्जिल गट सुवर्णक्षाराने जागा करून सांधा जुळवण्याची पद्धत दाखवली. त्याच धाग्याने पुढे पुण्याच्याच आयसर संस्थेत होता यांच्या गटाने क्षयजंतूच्या भिंतीतील एकवीस शर्करांची शाखायुक्त साखळी २०१७ मध्ये बांधली. मुंबईच्या आयआयटीत सुवर्ण कुलकर्णी यांच्या गटाने मॅनोजपासून जिवाणूंच्या दुर्मीळ शर्करा थोड्या पायऱ्यांत मिळवल्या. मानवी पेशींत या शर्करा नसल्याने लसी व निदानासाठी त्यांचे मोल मोठे. तरीही साखळीची लांबी हाच पराक्रमाचा निकष ठरतो आहे की काय, अशी शंका येते. पिंपरीच्याच मातीतील जिवाणूपासून संशोधक थिरुमलाचार यांनी शोधलेल्या हॅमायसीन या बुरशीनाशकातही एक अमिनो-शर्करा आहे, आणि असे घरचे रेणू या कौशल्यासाठी तितकेच योग्य आहेत.

अडसर आता सांध्यात उरलेला नाही; तो औषधाच्या वापरात आणि बाजारात आहे. २०२१ च्या अखेरीस केंद्र सरकारने शेतीतील स्ट्रेप्टोमायसीन-टेट्रासायक्लीन मिश्रणावर बंदीच्या आदेशाचा मसुदा काढला, कारण शिवारातला प्रतिरोध रुग्णालयापर्यंत पोचू शकतो. नवे औषध मात्र राखून वापरायचे असते, म्हणून खपत नाही: सिसोमायसीन या प्रतिजैविकापासून घडवलेल्या प्लाझोमायसीनला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि ते बनवणाऱ्या अकेओजेन कंपनीने पुढच्याच वर्षी दिवाळखोरी जाहीर केली.