जुना संगणक, नवा पडदा : नक्की काय जपायचं?

दगडी देवळाला ऑइल पेंट फासायचा आणि त्याला जीर्णोद्धार म्हणायचं, ही रीत आपल्याला चांगलीच माहीत आहे. जुन्या संगणकांच्या बाबतीतही तेच होताना दिसतं. म्हणून आज आपण एका साध्या दुरुस्तीकडे समीक्षेच्या नजरेने बघू.

उदाहरण एकच घेऊ. झेडएक्स स्पेक्ट्रम, सिंक्लेअर कंपनीचा १९८२ सालचा ब्रिटिश घरगुती संगणक. ऐंशीच्या दशकात डेसिबेल्स या भारतीय कंपनीने त्याची स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ती परवाना घेऊन बनवली, त्यामुळे आपल्याकडेही एखाद्या माळ्यावर तो सापडू शकतो. हे यंत्र टीव्हीला अँटेनाच्या जागी जोडायचं. यूएलए नावाची चिप चित्र घडवते, दुसरी चिप त्याचा कॉम्पोझिट सिग्नल बनवते, आणि मॉड्युलेटर नावाची पत्र्याची डबी तो सिग्नल चॅनल ३६ वर चढवते. आजच्या अनेक टीव्हींना हा ॲनालॉग चॅनल पकडताच येत नाही. मग करायचं काय?

पहिली वाट डबीतूनच जाते. कॉम्पोझिट सिग्नल आत तयारच असतो. मॉड्युलेटरची वीजतार सोडवायची, आतून सॉकेटकडे जाणारा छोटा रेझिस्टर मोकळा करायचा आणि सिग्नल थेट त्याच सॉकेटच्या मधल्या टोकाला जोडायचा. बस्स. सुटे केलेले भाग आतच ठेवले, तर उद्या कुणालाही यंत्र पूर्ववत करता येतं. याउलट काही जण अख्खी डबी उपटून काढतात, नव्या सॉकेटसाठी खोक्याला भोक पाडतात. चित्र तेच मिळतं, पण भोक काही बुजत नाही!

दुसरी वाट एचडीएमआयची. मागच्या एज कनेक्टरवर एक उपकरण खोचायचं, सोल्डरिंग अजिबात नाही. प्रोसेसर स्क्रीनच्या मेमरीत, म्हणजे १६३८४ या पत्त्यापासूनच्या ६९१२ बाइटमध्ये, जे जे लिहितो ते हे उपकरण चोरून ऐकतं आणि स्वतःचं चित्र काढतं. चित्र लख्ख दिसतं, ॲटेनाची मुरमुर नाही, रंगांच्या कडा थरथरत नाहीत. लोक खूश होतात, आणि म्हणतात, यंत्राला हातही लावला नाही, म्हणजे नुकसान शून्य.

इथे आमचा आक्षेप आहे, आणि तो दुहेरी आहे.

एक म्हणजे, सोल्डर नाही म्हणजे धोका नाही, हे खरं नव्हे. त्या कनेक्टरवर वीजेच्या वेगवेगळ्या दाबांच्या रेषा शेजारी शेजारी आहेत. यंत्र चालू असताना उपकरण खोचलं किंवा नुसतं हललं, तरी शॉर्ट होऊ शकतो. या यंत्रातल्या जुन्या ४११६ मेमरी चिपांना उणे ५, अधिक ५ आणि अधिक १२ असे तीन व्होल्टेज लागतात. त्यातला उणे ५ गेला, की चिपा मरतात. तेव्हा आधी वीज बंद, मग हात. आणि अडॅप्टर बदलणार असाल तर हेही लक्षात ठेवा, की याच्या पिनचा मधला भाग ऋण आहे, बहुतेक आजच्या अडॅप्टरच्या उलट.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा. एचडीएमआयवर दिसतं ते यूएलएने काढलेलं चित्र नसतं, ती त्याची नक्कल असते. यूएलए आजारी असली तरी हा पडदा ठणठणीत दिसू शकतो. अगदी ऐन वेळ साधून रंग बदलणारे खेळ असतात, तिथे उपकरणाची वेळ जुळली नाही तर तो खेळ बिघडतो. शिवाय मूळ यंत्र सेकंदाला ५०.०८ वेळा ३१२ ओळींचं चित्र देतं. हा त्याचा स्वभाव आहे, दोष नव्हे.

मग एचडीएमआय वाईट का? मुळीच नाही. शाळेत दाखवायला, डोळ्यांना सुख म्हणून जरूर वापरा. पण त्याला मूळ चित्र म्हणू नका. आमचा कौल असा: पहिली वाट आधी, डबी जागेवर ठेवून. हवं तर दुसरी तिच्या सोबतीला. दोन्ही पडदे शेजारी ठेवून बघा. जिथे फरक दिसेल तिथे यंत्र काहीतरी सांगत असेल, एक तर आपल्या दुखण्याबद्दल, नाही तर नकलेच्या मर्यादेबद्दल.

नुकसान फक्त खोक्याचं होत नाही, साक्षीचंही होतं. आपल्यानंतर हे यंत्र उघडणाऱ्याला त्याच्याच तोंडून ऐकता यावं, एवढी सोय आपण ठेवली तर दुरुस्ती चांगली झाली म्हणायची.