पाणी : वाच्यार्थाचा हक्क

मराठीत ‘पाणी’ हा शब्द क्वचितच केवळ पाणी असतो. तलवारीला पाणी असते, मोत्याला असते. माणसाचे पाणी जोखता येते, त्याला पाणी पाजता येते, हक्कावर पाणी सोडता येते. या प्रयोगांतील लक्षणा इतकी रूढ आहे की ती बोलणाऱ्याला जाणवतही नाही. अशा शब्दाला साहित्यात प्रतीकाचे मोल सहज लाभते. ते मोल देण्याचा अधिकार समीक्षेला केव्हा पोचतो, हा खरा प्रश्न आहे.

संस्कृत काव्यशास्त्राने हा विचार पाण्याच्याच उदाहरणावर केला. ‘गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे’ अशा आशयाचे वाक्य मम्मट लक्षणेसाठी घेतो. प्रवाहावर वस्ती संभवत नाही. मुख्यार्थ बाधित होतो, म्हणून ‘तीर’ हा अर्थ घ्यावा लागतो. शीतलता व पावनत्व सुचविणे हे त्या प्रयोगाचे प्रयोजन. अट स्पष्ट आहे : मुख्यार्थाला बाध आल्याखेरीज लक्ष्यार्थाकडे वळता येत नाही.

आता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनातील १९०१ सालचा प्रवास पाहावा. शिदोरी जवळ असूनही पाणी न मिळाल्यामुळे मुलांना उपाशी झोपावे लागते. येथे पाणी म्हणजे पाणीच. ‘मुक्तीची तहान’ असा अन्वय लावताच मुलांचा कोरडा घसा संहितेतून नाहीसा होतो. प्रेमचंदांच्या ‘ठाकुर का कुआँ’ या कथेतही गंगी आजारी नवऱ्यासाठी रात्री विहिरीवर जाते, भयाने रिकाम्या हाती पळते आणि घरी येऊन पाहते तो जोखू तेच दुर्गंधीयुक्त पाणी पीत असतो. जिचे नावच गंगेवरून आले, तिला घोटभर स्वच्छ पाणी नाही.

या संहितांत मुख्यार्थाला वाक्यात बाध नाही. बाध आहे तो समाजात. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी अस्पृश्यांनी तेथील पाणी घेतल्यानंतर तळ्याचे पंचगव्याने ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. काव्यशास्त्रात पावनत्व हे व्यंग्य होते. महाडला तेच पाण्यापासून माणसांना दूर ठेवणारे शस्त्र ठरले. म्हणजे पाण्यावर लक्ष्यार्थ लादण्याचे काम समाजाने आधीच केलेले होते. सत्याग्रहाने मागितला तो पाण्याचा वाच्यार्थ.

यावरून अशा लेखनात व्यंजना नाही, असा निष्कर्ष निघत नाही. महाडच्या ओंजळीत समतेचा अर्थ होताच. परंतु तो वाच्यार्थाला बाजूला सारून येत नाही, त्याच्या आधाराने येतो. आनंदवर्धनाने ज्याला विवक्षितान्यपरवाच्य ध्वनी म्हटले, त्यात वाच्यार्थ विवक्षित राहूनच पलीकडचा अर्थ सुचवितो. दलित साहित्यातील पाण्याचे वाचन या कोटीत व्हावयास हवे. तळ्यातील पाणी प्यायल्यावाचूनच त्याला प्रतीक ठरविणारी समीक्षा कितीही सहृदय असली, तरी ती तळ्याच्या काठावरच उभी राहते.