प्रेक्षकसंख्या आणि संघनिवड : एका आक्षेपाची चिकित्सा

स्पर्धेत पुढे कोणी जावे हे मैदानावर ठरते, अशी खेळाविषयीची जुनी समजूत आहे. तिच्या शेजारी आता नेमकी उलट समजूत येऊन बसली आहे : पुढे कोणी जावे हे दूरचित्रवाणी ठरविते, ज्या संघाच्या सामन्याला टीआरपी अधिक, त्याची वाट आधीच मोकळी केलेली असते. नवापूरसारख्या तालुक्याच्या गावी चहाच्या दुकानात क्रिकेटवर बोलणारा मनुष्य हे जितक्या खात्रीने सांगतो, तितक्याच खात्रीने अमेरिकेतील क्रीडासमीक्षक तेथील विद्यापीठीय फुटबॉलविषयी सांगतात. इतक्या दूरच्या दोन ठिकाणी एकच संशय उत्पन्न व्हावा ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. तथापि संशय व्यापक आहे एवढ्यावरून तो सिद्ध होत नाही, आणि ज्या रूपात तो सामान्यतः मांडला जातो त्या रूपात तो बहुधा टिकतही नाही.

ह्या आक्षेपाचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतीलच आहे. तेथील विद्यापीठीय फुटबॉलमध्ये २०१४ च्या हंगामापासून २०२३ च्या हंगामापर्यंत अंतिम बाद फेरीसाठी केवळ चार संघ निवडले जात, आणि ही निवड तेरा सदस्यांची एक समिती करीत असे. ३ डिसेंबर २०२३ रोजी समितीने मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस व अलाबामा हे संघ घेतले. फ्लॉरिडा स्टेट हा संघ तेराही सामने जिंकून आपल्या गटाचा विजेता ठरला होता. तो पाचवा राहिला. अलाबामाने एक सामना गमावलेला होता. फ्लॉरिडा स्टेटचा प्रमुख खेळाडू जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरात जायबंदी झाल्याने तो संघ पूर्वीचा राहिला नाही, असे समितीचे समर्थन होते. टीकाकारांचे म्हणणे असे की, ह्या फेरीचे प्रक्षेपणहक्क इएसपीएन ह्या वाहिनीकडे, अलाबामा ज्या गटात खेळतो त्याच्याशीही तिचाच मोठा करार, आणि अलाबामाचे सामने पाहणारे असंख्य. मग निराळा निर्णय होणार कसा? पुढे अलाबामा व मिशिगन ह्यांचा उपांत्य सामना अडीच कोटींहून अधिक लोकांनी पाहिला, तेव्हा टीकाकारांना आपले म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटले.

वस्तुतः ते सिद्ध झाले नव्हते. निर्णयानंतर मिळालेली प्रेक्षकसंख्या हा निर्णयामागील हेतूचा पुरावा होऊ शकत नाही. शिवाय फ्लॉरिडा स्टेट ज्या गटात होता त्याचे हक्कही त्याच वाहिनीकडे होते, ही गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते. उलट दिशेची उदाहरणेही आहेत. ओहायो स्टेट हा तेथील अत्यंत लोकप्रिय संघांपैकी एक; २०१७ आणि २०१८ ह्या दोन्ही हंगामांत गटविजेता असूनही त्याला बाहेर ठेवले गेले. २०२१ मध्ये सिनसिनाटी ह्या लहान गटातील संघाला आत घेतले गेले. चांगला संघ जिंकतो, जिंकणाऱ्याला प्रेक्षक मिळतो, आणि प्रेक्षक मिळालेल्याकडे पैसा जाऊन तो पुन्हा चांगला होतो. ह्या साखळीतून एकच दुवा उचलून त्याला कारण म्हणणे तर्कशास्त्राला धरून नाही.

मग ह्या प्रकरणात समीक्षकाच्या हाती काहीच लागत नाही काय? लागते, पण ते निराळ्या ठिकाणी. समितीने ‘सर्वोत्तम’ संघ निवडावयाचे होते. परंतु सर्वोत्तम म्हणजे ज्याने हंगामात सर्वाधिक मिळविले तो, की उद्या जो जिंकण्याचा संभव अधिक तो, ह्याचा निर्णय नियमांनी केलेलाच नव्हता. प्रमुख खेळाडूंची अनुपलब्धता विचारात घेण्याची मुभा होती. किती घ्यावी हे मोकळे होते. निकष जेथे मोकळा असतो तेथे सदस्य प्रामाणिक असूनही बाहेरचे वजन आत येऊ शकते, आणि आले किंवा नाही हे कोणालाच, प्रसंगी सदस्यांनाही, सांगता येत नाही. ह्याच्या उलट, २०२५ च्या हंगामात बारा संघांच्या फेरीत जेम्स मॅडिसन व टुलेन हे लहान प्रेक्षकवर्गाचे संघ आले आणि नोत्र दाम हा देशभर पाहिला जाणारा संघ राहिला. कारण सर्वोच्च क्रमाच्या पाच गटविजेत्यांना जागा द्यावयाची, हा नियम लेखी होता. लिहिलेल्या नियमापुढे लोकप्रियतेचे तेवढ्यापुरते काही चालले नाही.

येथून आक्षेपाला खरे वळण मिळते. नियम लिहिलेला असला की निवडीच्या क्षणी प्रेक्षकसंख्येला शिरकाव राहत नाही, हे मान्य. परंतु तो नियम कोणी, केव्हा आणि कोणाकडे पाहून लिहिला?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. दूरचित्रवाणी येण्यापूर्वी तिचे काम तिकीटखिडकी करीत असे. मुंबईचे तिरंगी, चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी सामने धर्मवार संघांचे होते, आणि त्यांना जी गर्दी लोटे ती रणजी करंडकाच्या सामन्यांना लोटत नसे. ब्रेबॉर्न स्टेडियमवरील जागांच्या वाटपावरून १९३७ साली हिंदू संघाने स्पर्धेतून अंग काढून घेतले, ह्यावरून प्रेक्षकांच्या खुर्च्यांचा हिशेब तेव्हाही किती निकराचा होता हे दिसते. १९४० च्या डिसेंबरात गांधीजींनी ह्या सामन्यांविषयी नापसंती व्यक्त केली. तरीही ते १९४६ पर्यंत चालू राहिले. गर्दी हेच त्यांचे बळ होते. तत्त्वतः ज्याचे समर्थन करणे कठीण होते ते खिडकीवरच्या रांगेने तगवून धरले.

परंतु बाहेरच्या लोकांचे दडपण नेहमी खेळ बिघडवितेच, असा निष्कर्ष कोणी काढील तर ह्याच सामन्यांचा इतिहास त्याला अडवील. पाळवणकर बाळू हा त्या काळचा श्रेष्ठ गोलंदाज. चर्मकार समाजातील असल्यामुळे हिंदू संघाचे नेतृत्व त्याच्याकडे आले नाही. १९२० साली त्याला संघातूनच वगळण्यात आले, आणि कर्णधार आजारी असता नेतृत्व ज्येष्ठ अशा विठ्ठलाला डावलून दि. ब. देवधरांकडे गेले, तेव्हा विठ्ठल व शिवराम ह्या बाळूच्या बंधूंनी खेळण्याचे नाकारले. लोकमत बंधूंच्या बाजूने उभे राहिले. तडजोड होऊन बाळू उपकर्णधार झाला, आणि १९२३ साली विठ्ठलाकडे कर्णधारपद आले. येथे निवडसमितीवर बाहेरून दडपण आले, आणि ते न्यायाच्या बाजूने आले. तेव्हा ‘बाहेरचा प्रभाव’ ह्या शब्दांनीच प्रकरण निकालात काढता येत नाही. आग्रह गुणाला धरून आहे की केवळ संख्येला, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

आता क्रिकेटच्या जागतिक स्पर्धांकडे यावयास हरकत नाही. २००७ च्या विश्वचषकात सोळा संघ चार गटांत होते. भारत बांगलादेश व श्रीलंका ह्यांच्याकडून हरला, पाकिस्तान आयर्लंडकडून. दोघेही पहिल्याच फेरीत बाद झाले. पुढच्या फेरीत १५ एप्रिलला बार्बाडोस येथे भारत व पाकिस्तान समोरासमोर येतील असा ज्या सामन्याचा अंदाज होता, तो बांगलादेश आणि आयर्लंड ह्यांच्यात झाला व आयर्लंडने जिंकला. खेळाच्या दृष्टीने ह्याहून सरस गोष्ट कोणती असावी! जाहिरातदारांच्या दृष्टीने मात्र तो मोठाच अपघात होता. त्यानंतर २०११ व २०१५ ह्या स्पर्धांत चौदा संघ दोनच गटांत विभागले गेले, म्हणजे प्रत्येक संघाचे किमान सहा सामने निश्चित झाले. २०१९ व २०२३ मध्ये संघ दहावर आणून साखळी पद्धत ठेवली गेली, म्हणजे प्रत्येकाचे नऊ. भारत दोन सामने हरून घरी परतण्याची शक्यता अशा रीतीने आराखड्यातूनच काढून टाकण्यात आली. साखळी पद्धतीला स्वतःचे गुण आहेत, आणि १९९२ साली ती वापरलीही गेली होती. पण दहाच संघ ठेवल्याने ज्यांची जागा गेली ते आयर्लंडसारखेच संघ होते, हे विसरता येत नाही.

गटवारीचेही तसेच. २०११ च्या विश्वचषकात भारत व पाकिस्तान निरनिराळ्या गटांत होते व मोहालीला उपांत्य फेरीत भेटले. २०१३ च्या चँपियन्स करंडकापासून मात्र आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या एकदिवसीय व वीस षटकांच्या पुरुषांच्या स्पर्धांत हे दोन संघ प्राथमिक फेरीतच एकमेकांसमोर येत राहिले. परिषदेचे तत्कालीन मुख्य कार्याधिकारी डेव्ह रिचर्डसन ह्यांनी २०१६ साली, हा सामना व्हावा असा आपला प्रयत्न असतो, हे उघडपणे मान्य केले. येथे संशयाला जागाच उरत नाही, कबुली आहे. मात्र कबुली गटवारीची आहे, निकालाची नव्हे, हा भेद चहाच्या दुकानात पुसला जातो.

वानखेडे स्टेडियमचे उदाहरण ह्या भेदाची सूक्ष्मता दाखविते. २०२३ च्या विश्वचषकात भारत उपांत्य फेरीत आल्यास, साखळीतील क्रमांक कोणताही असो, त्याचा सामना मुंबईस होईल, आणि समोर पाकिस्तान असल्यास तो कोलकात्यास होईल, असे आधीच जाहीर झाले होते. भारत पहिला आला, न्यूझीलंड चौथा. १५ नोव्हेंबरचा सामना क्रमानुसारही तोच होता. विराट कोहलीचे पन्नासावे एकदिवसीय शतक आणि महंमद शमीचे ५७ धावांत सात बळी ह्यांमुळे आराखड्याची चर्चा मागे पडली. त्यातील पाकिस्तानविषयीची अट टीआरपीने स्पष्ट होत नाही. १९९१ च्या ऑक्टोबरात ह्याच मैदानाची खेळपट्टी पाकिस्तानच्या दौऱ्याला विरोध म्हणून शिवसैनिकांनी उखडली होती, हा इतिहास तिच्या मागे आहे. सर्व आगाऊ योजनांचे मूळ एकाच कारणात शोधणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

२०२४ च्या वीस षटकांच्या विश्वचषकात मात्र कारण लपत नाही. भारत उपांत्य फेरीत आल्यास तो गयाना येथेच खेळेल असे आधी ठरले होते. गयानाचा सामना तेथील सकाळी साडेदहाला, म्हणजे भारतात रात्री आठ वाजता. त्रिनिदादचा सामना तेथील रात्री साडेआठला, म्हणजे भारतात पहाटे सहाला. नवापूरच्या घरांतून रात्रीचे जेवण आटोपण्याची जी वेळ, ती दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील एका मैदानाची सकाळ ठरविते, असा हा सरळ संबंध आहे. त्रिनिदादच्या सामन्याला राखीव दिवस होता. गयानाच्या सामन्याला, अंतिम सामना एका दिवसाच्या अंतराने असल्यामुळे, केवळ अडीचशे मिनिटांचा जादा अवधी होता. पावसाने खेळ मुळीच झाला नसता तर आधीच्या फेरीत वरचा क्रमांक मिळविलेला भारत न खेळता अंतिम सामन्यात गेला असता आणि इंग्लंड बाहेर पडले असते. सामना झाला, भारताने ६८ धावांनी जिंकला, आणि तो विजय निर्विवाद होता. कोणत्याही पंचाने वा निवडसमितीने पक्षपात केला नाही. पक्षपात, जर त्याला तसे म्हणावयाचे असेल, तर तो महिने अगोदर वेळापत्रकात छापून झाला होता.

कबड्डीत हाच व्यवहार आणखी निराळ्या पातळीवर घडला. ज्या खेळाचे नियम महाराष्ट्रातील शारीरिक शिक्षणाच्या कार्यकर्त्यांनी घासूनपुसून बसविले, ज्यासाठी बुवा साळवी ह्यांनी आयुष्य वेचले, त्याची प्रो कबड्डी २०१४ साली दूरचित्रवाणीसाठी आली, तेव्हा तीस सेकंदांची चढाई, सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची ‘करो या मरो’ चढाई अशा गोष्टी पुढे आल्या. बाद फेरीत जाणारे संघ गुणांनीच ठरतात. तेथे बोट ठेवावयास जागा नाही. पण गुण कशाला मिळावेत, हे पडद्याकडे पाहून ठरले.

शेवटी ज्याच्या नावाने हे सर्व चालते त्या प्रेक्षकाची मोजदाद कशी होते, तेही पाहिले पाहिजे. पूर्वीच्या मोजणीत शहरांचाच भर होता. ग्रामीण भाग बार्क ह्या संस्थेच्या आकड्यांत २०१५ च्या ऑक्टोबरापासून आला. तोपर्यंत नवापूर तालुक्यातील भिल्ल, मावची वा कोकणा कुटुंबाने सामना पाहिला काय आणि न पाहिला काय, हिशेबात फरक पडत नव्हता. आजही मोजणी होते ती देशभरातील निवडक नमुना-घरांतून, आणि तिचे विभाग जाहिरातदारांच्या बाजारपेठांप्रमाणे पाडलेले असतात. नवापूरचे रेल्वेस्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. त्या रेषेच्या अलीकडचे घर एका बाजारपेठेत जमा होते, पलीकडचे उच्छलकडील घर दुसरीत, आणि दोन्ही घरांत चाललेला सामना एकच असतो.

ह्या दोन्ही घरांनी २७ जूनच्या रात्री आठ वाजता गयानाचा सामना सोयीने पाहिला असेल. त्याच दिवशी पहाटे सहाला त्रिनिदादमध्ये अफगाणिस्तान हा संघ, इतिहासात प्रथमच विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत आलेला, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ५६ धावांत बाद झाला. अफगाणिस्तानचा आधीचा सामना सेंट व्हिन्सेंट येथे २४ तारखेच्या रात्री संपला होता; मध्ये एका दिवसाचा प्रवास होता. २०२७ च्या विश्वचषकासाठी संघांची संख्या पुन्हा चौदा करण्यात आली आहे. गटवारी कोणती होते आणि राखीव दिवस कोणाच्या वाट्याला येतो, हे तेव्हाच्या वेळापत्रकातच वाचावे लागेल.